साईडला टाकलेली गाडी

माझे वडील पालघरहून चर्चगेटला नोकरीसाठी जात असत आणि संध्याकाळी घरात पाऊल ठेवताना त्यांचे एक वाक्य ठरलेले असे, ‘आज पुन्हा साईडला टाकली.’ विरारच्या पुढे डहाणूपर्यंत अप आणि डाऊन असे दोनच मार्ग होते आणि त्यांवरूनच गुजरात-दिल्लीच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमची शटल धावत असे. मागून राजधानी येत असली की शटल सफाळ्याला किंवा केळवे रोडला बाजूच्या रुळावर उभी केली जाई. लहानपणी मीही काही वेळा वडिलांबरोबर त्या डब्यात बसलो आहे. भजनी मंडळाचे टाळ थांबत, भाजी विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्यांवर टेकत, राजधानी धूळ उडवत निघून जाई आणि मग टाळ तिथूनच पुन्हा सुरू होत.

गेली अकरा वर्षे मी बर्मिंगहॅममध्ये राहतो आणि कामासाठी आठवड्यातून दोनदा लंडनला जातो. इथेही माझी गाडी साईडला पडते. बर्मिंगहॅम ते कव्हेंट्री हा १८३८ मध्ये सुरू झालेला मार्ग आजही दुपदरीच आहे आणि त्यावर लंडनची जलद गाडी, गावोगावी थांबणारी लोकल आणि मालगाडी एकमेकींच्या मागे रांग धरतात. फरक इतकाच की इथे ध्वनिक्षेपकावरून क्षमा मागितली जाते, पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास अर्ज करून तिकिटाचा काही भाग परत मिळतो आणि डब्यात भजन नसते.

हे सांगण्याचे कारण म्हणजे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनवरचा आपल्याकडचा वाद. सप्टेंबर २०१७ मध्ये साबरमतीला भूमिपूजन झाले आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून ‘आधी लोकल, मग बुलेट’ हे वाक्य महाराष्ट्रात घराघरात बोलले जाते. त्यावर समर्थकांचे ठरलेले उत्तर असते, ‘परदेशात बघा.’ मी त्याच परदेशात राहतो, म्हणून इथे काय दिसते ते लिहितो.

लंडनहून बर्मिंगहॅमला आणि पुढे मँचेस्टर व लीड्सला जाणारा ‘हाय स्पीड टू’ हा द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये सरकारने मान्य केला, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३३ अब्ज पौंडांचा होता. २०२० पर्यंत तो शंभर अब्जांच्या घरात गेल्याचे सरकारनेच नेमलेल्या समितीच्या अहवालातून पुढे आले. २०२१ मध्ये लीड्सचा फाटा गळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मँचेस्टरचाही टप्पा रद्द केला, आणि ही घोषणा त्यांनी चक्क मँचेस्टरमध्ये, एका जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात केली. उरलेला लंडन-बर्मिंगहॅम तुकडा २०३३ पर्यंतही होणार नाही, हे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. ‘परदेशात बघा’ म्हणणाऱ्यांना सहसा जपान दिसतो. त्यांनी अधूनमधून इकडेही पाहावे.

माझ्या मते या प्रकल्पाचे पहिले नुकसान त्याच्या नावानेच केले. नावात वेग आला आणि सारा देश मिनिटांवर भांडू लागला. बर्मिंगहॅमला अर्धा तास आधी पोहोचण्यासाठी इतका पैसा कशाला, या प्रश्नाला खरोखरच समाधानकारक उत्तर नव्हते. मूळ गरज जुन्या मार्गावरून जलद गाड्या बाजूला काढून लोकल आणि मालगाड्यांना जागा मोकळी करण्याची होती. हे मुद्देसूद सांगितले गेले तोवर लोकांनी ऐकणे सोडले होते. आपल्याकडे ‘बुलेट’ या शब्दाने तेच केले आहे. तिकीट विमानापेक्षा स्वस्त पडेल का, अहमदाबादला जाऊन करायचे काय, अशा प्रश्नांतच चर्चा अडकते. बोईसर, पालघर, सफाळ्याच्या पासधारकाची गाडी साईडला पडणे यामुळे कमी होणार का, हा खरा प्रश्न आहे. सरकारने त्याचे उत्तर आकड्यांत आणि वेळापत्रकात दिले पाहिजे.

मात्र ‘आधी लोकल’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनाही इथला एक अनुभव सांगावासा वाटतो. सुनक यांनी मार्ग रद्द करताना वाचलेले ३६ अब्ज पौंड स्थानिक वाहतुकीवर खर्च करू असे सांगितले. लगोलग जाहीर झालेल्या कामांच्या यादीत मँचेस्टर विमानतळापर्यंत ट्राम नेण्याचे काम होते. ती ट्राम २०१४ पासून धावत होती! मोठा प्रकल्प मारला म्हणजे त्याचा पैसा आपोआप छोट्या प्रकल्पाकडे वळतो हा समज इथे तरी खोटा ठरला. आपल्याकडे तर बुलेट ट्रेनच्या १ लाख ८ हजार कोटींच्या मूळ अंदाजापैकी ८१ टक्के रक्कम जपानचे कर्ज होती. ०.१ टक्का व्याजाचे, पन्नास वर्षांच्या मुदतीचे ते कर्ज याच प्रकल्पाशी बांधलेले आहे. उद्या बुलेट ट्रेन रद्द झाली, तर त्या पैशातून विरारला एकही जादा लोकल सुटणार नाही. लोकलची मागणी शंभर टक्के रास्त आहे, दरवर्षी मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दोन हजारांहून अधिक माणसे मरत असताना ती रास्त नाही असे कोण म्हणेल? पण ती स्वतःच्या बळावर मांडावी लागेल.

जमिनीच्या बाबतीत मात्र मला या देशाचे काही घ्यावेसे वाटते. ‘हाय स्पीड टू’च्या पहिल्या टप्प्याचे विधेयक संसदेपुढे असताना ज्यांचे घर, शेत किंवा दुकान बाधित होणार होते अशा लोकांचे दोन हजारांहून अधिक अर्ज आले, आणि खासदारांच्या समितीने जवळजवळ दोन वर्षे सुनावण्या घेतल्या. सामान्य माणूस नकाशा घेऊन समितीपुढे उभा राहू शकत होता. लंडनजवळच्या सधन चिल्टर्न टेकड्यांना त्यांच्या आग्रहाने अधिक लांबीचा बोगदा मिळाला आणि खर्चही वाढला, हेही खरे. ऐपतदारांचा आवाज इथेही मोठाच असतो.

पालघर जिल्ह्यात मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे ग्रामसभेला कायद्याने मान आहे. तरी अनेक गावांनी विरोधाचे ठराव केल्यावरही बुलेट ट्रेनच्या मोजणीला आलेले अधिकारी आणि त्यांना अडवणारे गावकरी असेच चित्र २०१८ मध्ये वारंवार दिसले. त्यामागे केवळ या एका गाडीचा राग नव्हता. तारापूरचा अणुप्रकल्प, सूर्या नदीचे शहरांकडे वळवलेले पाणी, वडोदरा द्रुतगती महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि आता वाढवण बंदर, या सगळ्यांना जागा याच जिल्ह्याने द्यायची. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ‘देशाची प्रगती’ हा शब्द पाचव्यांदा ऐकताना काय वाटत असेल, याचा विचार बर्मिंगहॅममध्ये बसून करणे सोपे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी बुलेट ट्रेनच्या बाजूचा आहे, कारण विरारपलीकडच्या दोन रुळांवर आणखी किती कोंबणार?

विरार-डहाणू चौपदरीकरणाला मंजुरी मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनच्या भूमिपूजनाच्या नऊ महिने आधी. त्याची चर्चा मात्र घराघरात झाली नाही. माझा भाऊ आता वडिलांच्याच वाटेने रोज मुंबईला जातो. रविवारी फोनवर तो मला बुलेट ट्रेनचे खांब कुठवर आले ते उत्साहाने सांगतो, आणि मी त्याला तिसऱ्या-चौथ्या मार्गाचा भराव केळव्यापाशी किती चढला ते विचारतो.