अभियांत्रिकी अर्थशास्त्र : शिकवण्याची बिनधोक रीत

यंदा अभियांत्रिकी अर्थशास्त्र तुमच्या गळ्यात पडलंय ना, सर? अभिनंदन. पोरांना 'इंडस्ट्री रेडी' करायचं, हे नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलीत लिहून झालंच असेल. म्हणजे अवघड काम संपलं.

पहिल्या तासाला चक्रवाढ व्याज : 10,000 रुपये, 10 टक्के, 5 वर्षं घ्या. उत्तर 16,105, त्याला चौकट. व्याजदर नेहमी तुम्हीच द्या. पोरांना बँकेत पाठवून मशीनच्या कर्जाचा दर विचारायला लावलात, तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. मग पेपर तपासणार कसे?

घसाऱ्यासाठी, म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी किती घटते त्यासाठी, आपला नेहमीचा लेथ आहेच : किंमत 1,00,000, आयुष्य 10 वर्षं, भंगारात 10,000, वर्षाला घसारा 9,000. तुमच्या गुरुजींच्या काळापासून तो प्रश्नपत्रिकेत उभा आहे आणि त्याची किंमत एका रुपयानेही घसरलेली नाही.

मोटरीच्या मात्र नादी लागू नका. 10 एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर वर्षाला 6,000 तास चालली, तर आत वाया जाणारी वीज धरून सुमारे 50,000 युनिट खाते. युनिट 8 रुपयांनी धरलं तरी बिल 4 लाख. खरेदीची किंमत त्यापुढे किरकोळ. कार्यक्षमता 88.7 ऐवजी 90.4 टक्के असलेली घेतली, तर वर्षाला साडेसात हजार वाचतात. खरं सांगायचं तर अख्खा विषय या एका मोटरीत मावतो. पण मग पोरं कॉलेजच्या पंपाची नेमप्लेट वाचत फिरतील, पर्चेस कमिटीला 'सर्वात कमी दर' कशाचा म्हणून विचारतील, आणि तुमचं नोकरीतलं कन्फर्मेशन अजून बाकी आहे.

पैसे वर्षअखेरीलाच हातात येतात, हे गृहीतक तर जपाच. छोट्या पुरवठादाराचं बिल करार काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत चुकवावं, असा 2006 चा कायदा आहे. भोसरीतल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याला वर्गात बोलावून 'मग मिळतं का?' एवढंच विचारलंत, तर तो खेळत्या भांडवलावर तासभर बोलेल. चहासकट. युनिट टेस्टचा पोर्शन मागे पडेल तो वेगळाच.

इंडस्ट्रियल व्हिजिट चाकणला न्या. रोबोसमोर ग्रुप फोटो काढा. एखाद्या पोरीने सुपरवायझरला 'हे मशीन तासाला कितीला पडतं?' असं विचारलंच, तर तो तोंड उघडायच्या आत सगळ्यांना बसमध्ये बसवा. लोणावळा अजून व्हायचंय.