'रास्पबेरी पाय सरळ प्लग काढून बंद करा' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

सत्तरीतल्या आमच्या दादापर्यंत शेवटी तो मेसेज पोचलाच. 'रास्पबेरी पाय घेणाऱ्यांसाठी ५ सोनेरी नियम', खाली हात जोडलेले इमोजी. (रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावरचा छोटासा कॉम्प्युटर, त्याची सिस्टम आणि फायली सहसा मायक्रोएसडी कार्डावर असतात.) नियम असे: एक, बंद करायला सरळ प्लग काढा, आत फिरणारी डिस्क नाही; दोन, कार्डावर ४ जीबी स्वॅप टाका, तेवढी रॅम वाढते; तीन, क्लास १० लिहिलेलं कुठलंही कार्ड चालतं, फक्त मोठं घ्या; चार, ८ जीबी रॅमच्या खाली पाय घेऊच नका; आणि पाच, कार्डाऐवजी पेनड्राइव्ह लावला की सगळे प्रश्न मिटले.

दादाने कुळागरात मातीतला ओलावा मोजायला पाय ४ (रास्पबेरी पायचं चौथं मॉडेल) बसवलाय, पंप कधी सोडायचा ते त्यावरून ठरवतो. मेसेज वाचल्यापासून रोज संध्याकाळी प्लग ओढायला लागला. परवा वहिनीचा फोन, 'स्क्रीनवर कर्नल पॅनिक असं काहीतरी लिहिलंय, पुढे काहीच होत नाही'. म्हणजे सिस्टमच बंद पडली होती. उन्हाळाभराच्या नोंदी त्याच कार्डावर होत्या, गेल्या. म्हणून हे लिहितोय, आणि राग आलाय म्हणूनही.

पहिल्या नियमावर जास्त बोलणार, कारण खरं नुकसान तोच करतो. फिरणारी डिस्क नाही हे बरोबर, तेवढंच बरोबर. कार्डात फ्लॅश मेमरी असते, तिच्यात लिहिलं जातं छोट्या पेजमध्ये पण पुसलं जातं त्याहून कितीतरी मोठ्या ब्लॉकमध्ये, त्यामुळे तुम्ही एक ओळ बदलली तरी कार्डातला कंट्रोलर (कार्डाचा कारभार बघणारी चिप) आजूबाजूचा डेटा उचलून दुसरीकडे ठेवतो आणि कुठे काय ठेवलं त्याचा तक्ता आतल्या आत बदलत राहतो. नेमका तेव्हा करंट गेला तर तक्ताच अर्धवट राहू शकतो, आणि ज्या फायलीला कोणी हातही लावला नव्हता ती पण जाते. त्यात भर म्हणजे लिनक्स, पायवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टम, लिहायचा डेटा लगेच कार्डावर टाकत नाही, रॅममध्ये धरून ठेवते, नेहमीच्या सेटिंगवर ३० सेकंदांच्या आसपास. कोणी म्हणेल ईएक्सटी४ ला (कार्डावर फायली मांडायची लिनक्सची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टम) जर्नल असतं, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद. असतं, पण ते फाइल सिस्टमचा सांगाडा सांभाळतं, कार्डाच्या पोटातला घोळ त्याला कळत नाही.

आमच्याकडे पावसात माडाचं चुडत तारेवर पडलं की लाईट जाते, ते आपल्या हातात नाही. पण जे हातात आहे ते तरी नीट करा ना! 'सुडो पॉवरऑफ' कमांड द्या, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू दे, मग प्लग काढा. पाय ५ ला तर पॉवर बटणच दिलंय. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाईनवर लावा. आणि रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टम आहे, ती चालू केली की सिस्टमचं सगळं लिहिणं रॅममध्ये होतं, कार्डाला धक्का लागत नाही. रीबूटनंतर ते लिहिलेलं राहत नाही, म्हणून नोंदी वेगळ्या यूएसबी ड्राइव्हवर टाकायच्या आणि त्याची कॉपी अधूनमधून लॅपटॉपवर घ्यायची.

स्वॅपने रॅम वाढत नाही. रॅम भरली की त्यातला माल कार्डावर टाकायचा आणि लागला की परत आणायचा, एवढंच ते काम, आणि कार्ड रॅमच्या मानाने अतिशय हळू. शिवाय फ्लॅशला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते, ती तुम्ही फुकट खर्च करता. रॅम कमी पडत असेल तर झेडरॅम लावा, ते डेटा दाबून रॅममध्येच ठेवतं.

आता क्लास १०. त्याचा अर्थ सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी, व्हिडिओ शूट करायला ठीक. ऑपरेटिंग सिस्टम सलग लिहीत नाही, इथे तिथे बारीक बारीक लिहिते. त्यासाठी एसडी असोसिएशनने वेगळा वर्ग ठेवलाय, ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० रँडम रीड (इथून तिथून वाचणं) आणि ५०० रँडम राइट (तसंच लिहिणं), ए२ म्हणजे ४००० आणि २०००. कार्डावर छापलेलं असतं, बघून घ्या. ए२ चा पूर्ण वेग मिळायला बोर्डाचाही सपोर्ट लागतो, पाय ४ मध्ये तो नाही, तेव्हा दादासाठी चांगल्या कंपनीचं ए१ पुरे. मोठं कार्ड जास्त टिकतं हे मात्र मान्य करावं लागेल, तेवढंच लिहिणं जास्त ब्लॉकवर वाटलं जातं. पण ते खरोखर मोठं असेल तरच! स्वस्तातल्या २५६ जीबी कार्डात कितीदा आत बरंच कमी असतं आणि कार्डातलाच प्रोग्रॅम, फर्मवेअर, खोटा आकडा सांगतो, म्हणून नवीन कार्ड एफ३ नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तपासल्याशिवाय वापरू नका.

८ जीबीचं म्हणाल तर ओलावा मोजायला १ जीबी पण भरपूर. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून डेस्कटॉपसारखा वापरायचा असेल तर आधी विचार करा, एवढं ठीक.

आणि पेनड्राइव्ह. बहुतेकांत फ्लॅश तीच आणि कंट्रोलर साधाच, नोंदी ठेवायला चालेल, सिस्टम चालवायला काही फायदा नाही. बदलायचंच असेल तर एसएसडी घ्या, पाय ५ वर एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) पण लावता येते. फक्त पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ ॲम्पिअरच देतात, आणि पाय ५ ला ५ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर नसेल तर जेमतेम ०.६, त्यामुळे एसएसडी मध्येच गायब व्हायला लागली तर आधी ॲडॉप्टर बघा.