विकताना किती येतील?

गेले चार महिने आमच्या घरात जेवताना, चहा पिताना, झोपायच्या आधी एकच विषय होता, नवी गाडी कुठली घ्यायची. आता गाडी दारात उभी आहे, तरी तो विषय माझ्या डोक्यातून जात नाही. मोठी पोस्ट आहे. ऑटोमॅटिक घ्यायच्या विचारात असाल तर वेळ काढून वाचा.

मी राहते कोथरूडला आणि ऑफिस हिंजवडीला. अकरा वर्षं मॅन्युअल हॅचबॅक चालवली. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला, आणि तिथला ताप खरोखर कमी झाला. पण वाकड पुलापासून पुढे जे होतं ते तिथे रोज अडकणाऱ्यांनाच कळेल. क्लच दाबा, पहिला टाका, हाफ क्लचवर दहा फूट सरका, ब्रेक, न्यूट्रल. पुन्हा तेच. डावा गुडघा दुखायला लागल्यावर फिजिओथेरपिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "रोज क्लच किती वेळा दाबता?" दुसऱ्या दिवशी मी मोजलं. वाकड पूल ते ऑफिसचं गेट, १४३ वेळा. एका बाजूचे.

म्हणून ऑटोमॅटिक. आणि सेडान, कारण आईचं वय ७८. उंच गाडीत चढताना तिला दांडा धरून अंग वर ओढावं लागतं, ते तिला झेपत नाही. लोक सांगतात की म्हाताऱ्या माणसांना उंच गाडी बरी. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी ते खरं आहे. आमच्या आईचा प्रश्न खांद्याचा आहे. त्यामुळे दर शोरूमला आईला घेऊन गेले. तिने मागच्या सीटवर बसायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि कुणाचा हात न धरता उतरायचं. ही परीक्षा कुठल्याही माहितीपत्रकात नसते, पण घरात वडीलधारं माणूस असेल तर ती सगळ्यात आधी घ्या.

गाडी घेतेय म्हटल्यावर सगळ्यांचे दोनच प्रश्न. "किती देते?" आणि "विकताना किती येतील?" माझा धाकटा भाऊ कराडला असतो. त्याचा रोज फोन. "ताई, डिझायर एएमटी घे, डोळे झाकून घे. उद्या विकायला काढलीस तर संध्याकाळपर्यंत जाईल." तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्याकडे तीच गाडी आहे. कराड-सातारा-कोल्हापूर असं त्याचं फिरणं, बहुतेक मोकळा हायवे. त्याच्यासाठी ती निवड अगदी बरोबर आहे. पण तो माझा रस्ता नाही.

एएमटी म्हणजे काय, हे शोरूममध्ये कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं सांगते. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचही तोच. फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर हे तंत्र आलं, आणि ज्यांना ऑटोमॅटिक परवडतच नव्हती त्यांना ती परवडू लागली. याचं मोल मला कमी लेखायचं नाही. दुरुस्ती सोपी, मायलेज उत्तम. पण गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते, आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच थांबत नाही, तो माझ्या पायाऐवजी यंत्र दाबतं. क्लच झिजायचा तो झिजतोच. सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार, त्यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा, पुलीची रुंदी कमीजास्त होते तसं गुणोत्तर सलग बदलत जातं. त्यामुळे झटका नाही. तिसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, तोही शहरात मऊ चालतो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला, हायवेवर चालवून बघितला, फार मजा आली, पण ड्राय क्लच (तेलात न बुडवलेला) असेल तर बंपर-टू-बंपरमध्ये तो तापतो, आणि माझं निम्मं आयुष्य बंपर-टू-बंपरमध्येच जातंय.

मोठ्या सेडानमध्ये होंडा सिटीच्या सीव्हीटीवर माझा जीव बसला होता. मागच्या सीटवर बसून आई म्हणाली, "घरातल्या सोफ्यापेक्षा बरं आहे." पण गाडी साडेचार मीटरहून लांब, आणि आमच्या जुन्या सोसायटीतलं पार्किंग १९९४ सालच्या हिशोबाने आखलेलं. शिवाय कराची रेघ. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, त्या रेघेपलीकडे ४० टक्के. वर आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, पुढे १२. म्हणजे त्या मऊ सीटचे पैसे भरताना आपण सरकारलाही बरेच देतो. ह्यांनी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मी गप्प बसले.

राहिल्या दोन: डिझायर एएमटी आणि अमेझ सीव्हीटी. दोन्ही ३९९५ मिलिमीटर, दोन्ही १.२ पेट्रोल, किमतीतही जमीन-अस्मानाचं अंतर नाही. इथे मात्र "किती देते"चं उत्तर स्पष्ट आहे. कंपन्यांच्या आकड्यांनुसार डिझायर एएमटी लिटरला २५.७१, अमेझ सीव्हीटी १९.४६. ट्रॅफिकमध्ये दोघींचेही आकडे घसरणार, पण तुलनेला हेच धरते. माझं फिरणं महिन्याला ९०० किलोमीटर. एकीला ३५ लिटर, दुसरीला ४६ च्या थोडं वर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर फरक महिन्याला साधारण ११७० रुपये.

मग रिसेल. ओळखीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, सात वर्षांनी डिझायरला साठ-सत्तर हजार जास्त मिळतील. हा त्याचा अंदाज, पण धरून चालू. ७०,००० भागिले ८४ महिने म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. दोन्ही मिळून २००० रुपये. मी गाडीत रोज अडीच तास असते, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ५५ तास. तासाला ३६ रुपये.

हा आकडा समोर आला आणि माझा निर्णय झाला. तासाला ३६ रुपयांत मला गुडघा, मान आणि घरी आल्यावरची शुद्ध परत मिळत असेल, तर ते मी देणार. ज्या अनोळखी माणसाला मी सात वर्षांनी गाडी विकणार, त्याच्या सोयीसाठी मी ४६२० तास त्रास का सोसायचा?  महिन्याला ५५ तास म्हणजे सात वर्षांत तेवढेच होतात!

रिसेलचा विचार करू नका असं मी म्हणत नाही. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांना तो करावाच लागतो, कारण पहिल्या वर्षांतच घसरण मोठी असते. विम्याच्या कोष्टकात बघा: सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांना ५० टक्के. तिथे गाडीचं नाव विचारत नाहीत. आणि सीव्हीटीला भाव कमी का, यालाही कारण आहे. रस्त्यावरचा मेकॅनिक तो गिअरबॉक्स उघडत नाही, बिघडला तर खर्च मोठा, म्हणून जुनी घेणारा घाबरतो. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे: सीव्हीटीचं तेल वेळेवर बदलायचं आणि त्याची बिलं जपून ठेवायची.

मला राग येतो तो या गोष्टीचा की रिसेल हा जणू बँकेत ठेवलेला पैसा असल्यासारखं आपण बोलतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी "रिसेल चांगला" म्हणून छोटी सेडान घेतली, त्यांनी २९ टक्के कर भरला. महिन्याभरात तो १८ झाला. नवी गाडीच स्वस्त झाल्यावर जुनीला तोच भाव कोण देणार? त्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. सात वर्षांनंतरची किंमत सरकारचा कर, इंधन, तेव्हाची फॅशन यांवर ठरते. माझा गुडघा मात्र आजच दुखतो.

आणि विकताना खरं काय घडतं, ते माझी जुनी गाडी काढताना बघितलं. एका कंपनीने फोनवर २ लाख १० हजार सांगितले. माणूस घरी आला, दीड तास गाडीखाली-वर बघितलं, दर ओरखड्याचे पैसे कापत १ लाख ५५ वर आला. वर आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच होता. कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण मी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दिलाच नव्हता. ते काम व्हायला तीन आठवडे गेले. कर्ज फिटलं असेल तर हे आजच करा, खरंच. शेवटी शेजारच्या काकूंच्या भाच्याने १ लाख ९० ला घेतली, कारण अकरा वर्षांची सगळी सर्व्हिस बिलं माझ्या फाइलमध्ये होती. मॉडेलच्या नावाने जेवढा फरक पडतो असं सगळे सांगतात, तेवढा फरक त्या फाइलने पाडला.

टेस्ट ड्राइव्हचंही सांगते. शोरूमवाले मागच्या रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणतात. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. मी हट्ट धरला की संध्याकाळी सव्वासहाला वाकड पुलाकडे न्यायची. एका ठिकाणी नाही म्हणाले, तिथे मी पुन्हा गेले नाही. जिथे हो म्हणाले, तिथे पाऊण तास अडकलो. सेल्समन बिचारा अवघडून बसला होता, पण मला जे हवं होतं ते त्या पाऊण तासात कळलं. घाटही बघा. मी खंबाटकी चढून आले. पाय जोरात दाबला की सीव्हीटीचं इंजिन ओरडतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो. हळू दाबलं तर शांत चढते. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर वाटतं गाडीत काही बिघाड आहे.

तर अमेझ सीव्हीटी घेतली. डिकी ४१६ लिटरची आहे, आईची व्हीलचेअर घडी घालून बसते आणि वर दोन बॅगा राहतात. कराडला घेऊन गेले तेव्हा भावाने चावी मागितली, कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन आला. उतरल्यावर म्हणाला, "माझीच बरी. पण तुझ्या हिंजवडीला ही ठीक आहे." दोन्ही वाक्यं मला पटली.

राहता राहिला रंग. शोरूममधल्या मुलापासून मावशीपर्यंत सगळे एकच सांगत होते, पांढरी घे, पांढरीला भाव येतो. मी गडद निळी घेतली.