औंस वजा इंच

माझे गुडघे अजून ठणकताहेत आणि त्याला जबाबदार असलेला माणूस बुटांच्या नाड्या घ्यायला आला होता.

भाचा तापाने झोपलेला, म्हणून त्याची बेसबॉलची बॅट आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ताई म्हणाली, "त्याच्या मापाची आण आणि ड्रॉप बघून घे." दुकानात भिंतभर बॅटी. एकीवर 30 आणि -10, दुसरीवर 31 आणि -8. विक्रेता अर्थातच गायब. मी एका बॅटीकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो, तेवढ्यात मागून नाड्या घ्यायला आलेल्या त्या गृहस्थांचा आवाज आला.

"ड्रॉप कळत नाहीये ना? सोपं आहे. वजनाच्या औंसांतून लांबीचे इंच वजा करायचे. वीस औंस, तीस इंच. उणे दहा."

"औंसांतून इंच?"

"हो."

"मग उत्तर कशात येतं? औंसांत की इंचांत?"

"उत्तर ड्रॉपमध्ये येतं!"

एकक लिहायला विसरलं की आमच्या विज्ञानाच्या बाई अर्धा मार्क कापायच्या. ते सगळे अर्धे मार्क मला आता परत हवे आहेत.

"मुलगा केवढा?" मी छातीशी हात नेऊन उंची दाखवली. "मग बसा गुडघ्यांवर. माप घेऊ." आणि मी बसलो! अनोळखी माणसाने इतक्या ठाम आवाजात सांगितलं की शरीर आपल्याला न विचारताच आज्ञा पाळतं. त्यांनी टर्रकन एका बॅटीचं वेष्टन फाडलं, मूठ माझ्या छातीच्या मध्यावर टेकवली आणि हात बाजूला ताणायला लावला. बोटं बॅटीच्या टोकापर्यंत पोचली की लांबी बरोबर, असा नियम. माझी बोटं टोक ओलांडून बरीच पुढे गेली.

"तुमचा हात फार लांब आहे," ते नाराजीने म्हणाले.

"मी मोठा माणूस आहे हो!"

"कोपरात दुमडा थोडा."

मग वजनाची परीक्षा. एका हाताने मूठ धरून बॅट बाजूला आडवी, अर्धा मिनिट. ते मोजू लागले. सतराला त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर म्हणाले, "कुठे होतो आपण? हं, बारा." माझा हात थरथरायला लागला होता. शेजारून जाणाऱ्या एका मुलीने आईला विचारलं, "त्या काकांना शिक्षा केलीय का?" आई तिला घेऊन लगबगीने पुढे गेली.

"जड होतेय तुम्हाला. हलकी घ्या."

"खेळणार भाचा आहे."

"पण उचलून घरी नेणार तुम्हीच ना?"

अमेरिकेचा जुना बेसबॉलवीर बेब रूथ चाळीस औंसांहून जड बॅट फिरवायचा. त्याला कोणी गुडघ्यांवर बसवलं असेल असं वाटत नाही. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, लाकडी बॅटीची लांबी 42 इंचांपर्यंत आणि जाडी 2.61 इंचांपर्यंत असली की झालं, बाकी तुम्ही आणि तुमचं मनगट. छळ आहे तो पोरांचाच. बरं, एवढं करून तो उणे आकडा खरं सांगतो का? काट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटींपैकी जिचं वजन टोकाकडे साठलंय ती फिरवताना जड लागते. हे कुठे छापलेलं नसतं. छापलेले असतात ते शिक्के, बॅट कुठल्या मानकात बसते ते सांगणारे. एका लीगला एक शिक्का चालतो, दुसरीला दुसरा, आणि हायस्कूलात गेलं की ड्रॉप तीनच्या वर जाता येत नाही. 1 जानेवारी 2018 पासून लिटल लीगने, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघटनेने, नवं मानक लावलं, तेव्हा कालपर्यंत चालणाऱ्या कितीतरी धडधाकट बॅटी एका रात्रीत बाद झाल्या. पोरं तशीही दर एक-दोन वर्षांत बॅटीबाहेर वाढतात. म्हणजे वाढत्या उंचीचा भुर्दंड वेगळा, नियमांचा वेगळा. पैसे मोजणाऱ्याला कोणी विचारत नाही.

शेवटी 29 इंची, ड्रॉप टेन घेतली, म्हणजे 19 औंस, साधारण 540 ग्रॅम. घरच्या काट्यावर भरली 581. हे गणित मी ताईला समजावत होतो, तर ती म्हणाली, "ते राहू दे. शिक्का कुठला आहे?"

शिक्का दुसऱ्या लीगचा निघाला. दुकानाला फोन केला. वेष्टन फाडलेली बॅट परत घेत नाहीत म्हणे.