खमीर लिहिलं म्हणून अर्धा मार्क गेला

आज लेकीची विज्ञानाची वही बघितली आणि डोकंच फिरलं. प्रश्न, पाव कशामुळे फुगतो? पोरीनं लिहिलंय, 'खमीरामुळे'. त्यावर लाल रेघ, शेजारी 'किण्व', म्हणजे यीस्टचं पुस्तकी नाव, आणि अर्धा मार्क कापलेला. अर्ध्या मार्काचं काही नाही हो, रेघेचं आहे. चुकीच्या उत्तरावर मारतात तशी मारलीय, कागद फाटेस्तोवर.

हा शब्द पोरीनं गाईडातनं उचललेला नाही, तो तिच्या आजोबांचा आहे. आमच्या अण्णांची उभी हयात लक्ष्मीपुरीतल्या एका बेकरीत भट्टीपुढं गेली. पहाटे तीनला कामावर. पिठात घालायचं पाणी आधी मनगटावर ओतून बघायचे, बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. "कढत पाण्यात खमीर मरतंय," म्हणायचे. मरतंय! आंबणं ही जिवंत पेशींची करामत आहे, हे पाश्चर १८५७ पासून फ्रान्समध्ये सांगत होता. अण्णांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. एकदा मलाही त्यांनी फुगलेल्या पिठात बोट घालायला लावलं होतं. ते पुढं सांगते.

किण्वावर माझा राग नाही. शब्द जुना, खानदानी आहे. पण कुठला आहे माहितीय? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारू गाळायच्या प्रकरणातला. चार्वाकवाले तर म्हणायचे, किण्वातनं जशी नशा उपजते तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही चार भूतं एकत्र आली की चैतन्य उपजतं. म्हणजे मॅडम, तुमचा सोवळ्यातला शब्दही गुत्त्यातनंच आलाय! खमीर अरबी, आणि दारूला अरबीत खम्र म्हणतात, ते त्याच्याच घरातलं. दोघं एकाच बाकावर बसलेले. मग एकाला मार्क आणि एकाला लाल रेघ का? एक संस्कृत आणि एक भट्टीवाल्याच्या तोंडचा, म्हणूनच ना?

आता म्हणाल, परीक्षेला एक ठरलेला शब्द लागतोच. बरं, लागतो. विरजण वेगळं, त्यात जिवाणू असतात. इडलीच्या पिठातही मुख्य काम जिवाणूंचंच. यीस्ट बुरशीच्या कुळातलं. खमीर म्हटलं की सगळी भेसळ होते, हेही खरं. पण मग शेजारी लिहायचं की, 'बरोबर, शास्त्रात याला किण्व म्हणतात.' शाईच ती, किती लागली असती?

आणि यीस्ट? इंग्रजी म्हणून पुडीवर मिरवतं, पण त्याचं मूळ उकळणं, फेसाळणं. संस्कृतातला यस् धातू त्याचाच भाऊ, आणि त्या यस् मधूनच आपले आयास, प्रयास आले. हे वाचलं तेव्हा मला अण्णाच दिसले. दुपारी घरी यायचे, भिंतीला पाठ टेकायचे, बोटांच्या पेरांत मैदा वाळलेला. "अंग आंबून गेलं बघ," म्हणायचे. आंबणं आणि राबणं एकच, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही.

त्या बोटाचं सांगते. मी दहावीत होते, मैत्रिणींना घेऊन बेकरीत गेले होते, फुकटची खारी खायला. अण्णा कुणाला तरी सांगत होते, खमीर थंडीत उशिरा उठतं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, खमीर काय म्हणताय, यीस्ट म्हणा की!" मैत्रिणी फिदीफिदी हसल्या.

लाल रेघ पहिल्यांदा मीच मारली होती, मॅडमनी नाही.

अण्णा रागावले नाहीत. माझा हात धरला आणि बोट पिठात खुपसलं. गार असेल वाटलं होतं, आत ऊब होती. बोट काढलं तर खळी पडलेली, आणि ती हळूहळू, अगदी सावकाश भरून आली. "हे उठलंय," ते म्हणाले, "आता त्याला काय बी म्हण." आणि परत कामाला लागले. मी खारी न खाताच घरी आले होते.

उद्या शाळेत जाऊन भांडणार होते. बघू. जाईनही, पण आवाज चढवणार नाही. सध्या पोरगी ओट्याशी उभी आहे, मैदा काढलाय, ड्राय यीस्टची पुडी फोडलीय. पाणी मनगटावर ओतून बघितलं, अजून कढत आहे. निवेपर्यंत म्हटलं हे लिहावं.