हळद-दुधाच्या फॉरवर्डमधून गळालेली गोळी

इंदिरानगर-सिडकोकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: आतड्याची सूज, कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज), क्रोन्स (आतड्याला वरचेवर सूज येण्याचा दुसरा आजार), अल्सर, सगळ्यावर एकच उपाय, रात्री चमचाभर हळद घातलेलं दूध आणि वर चिमूटभर मिरपूड. जगभरच्या संशोधनाने सिद्ध. २१ दिवसांत गोळ्या बंद करा, त्या किडनी खातात. डॉक्टर हे सांगणार नाहीत.

माझं मेडिकल आहे, त्यामुळे असल्या फॉरवर्डचा परिणाम मला थेट काउंटरवर दिसतो. दर महिन्याला मेसालामाइनचा, म्हणजे आतड्याची सूज आवरणाऱ्या गोळीचा, पूर्ण डोस नेणाऱ्या एक ताई परवा म्हणाल्या, "भाऊ, या वेळी एकच स्ट्रिप द्या. हळद सुरू केलीय, बघू." म्हणून हा खटाटोप. फॉरवर्डमधले आणि त्याखाली येणारे दावे एकेक घेतो.

"संशोधनाने सिद्ध." संशोधन आहे, आणि ते खरं आहे. २००६ मध्ये जपानी डॉक्टरांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) शांत असलेल्या ८९ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाला रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांत कर्क्युमिनच्या गटात हिशोबात धरलेल्या ४३ पैकी २ जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ३९ पैकी ८ जणांचा. २०१५ चा प्रयोग आजार चालू असलेल्या ५० जणांवर झाला. रोज ३ ग्रॅम, महिनाभर. कर्क्युमिनच्या गटात २६ पैकी १४ जणांचा आजार शांत झाला, दुसऱ्या गटात २४ पैकी एकाचाही नाही. हे आकडे फॉरवर्डमध्येही आहेत आणि बरोबर आहेत. गाळलंय ते एवढंच, की या दोन्ही प्रयोगांत दोन्ही गटांतले रुग्ण आपली नेहमीची गोळी, सल्फासालाझिन किंवा मेसालामाइन, घेतच होते. कर्क्युमिन दिलं ते गोळीच्या जोडीला. गोळी थांबवून काय होतं हे तिथे कुणी तपासलंच नाही. ते दुसरीकडे तपासलंय: आजार शांत असताना मेसालामाइन नीट न घेणाऱ्यांचा आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त निघाला, असा २००३ चा एक अमेरिकी अभ्यास आहे.

आता मात्रा. चहाचा चमचा हळदीने सपाट भरा आणि वजनकाट्यावर ठेवा, तीनेक ग्रॅम भरेल. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे चमच्यामागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास. जपानी प्रयोगाची मात्रा गाठायची तर दिवसाला वीस-बावीस चमचे लागतील. वर्ध्याकडच्या वायगावची जास्त कसाची हळद आणली तरी दहाएक. पेलाभर दुधात एवढी कालवली तर ते प्यायचं नाही, पोळीशी खायचं. आणि कमी मात्रेचं काय होतं तेही पाहून झालंय. दिल्लीच्या एम्समध्ये ६२ रुग्णांवर, रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन, आठ आठवडे, तेही मेसालामाइनसोबत. नुसत्या मेसालामाइनपेक्षा काडीचा जास्त फायदा दिसला नाही. ४५० मिलिग्रॅम म्हणजे पाच चमचे हळद. फॉरवर्डमध्ये एक चमचा आहे. शिवाय आजार उसळलेला असताना कित्येकांना दूधच पचत नाही, पोट आणखी फुगतं.

क्रोन्सचं नाव तर उगाच घुसडलंय. फ्रान्समध्ये क्रोन्सचं ऑपरेशन झालेल्यांना अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या जोडीला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं. आजार परतायचा तो परतलाच.

"मिरपुडीने असर २००० टक्के वाढतो." हा आकडा बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासातला. तो निरोगी माणसांवरचा, आणि मोजलं ते रक्तात किती कर्क्युमिन उतरलं एवढंच. आजार कुणाला नव्हताच. मोठ्या आतड्याच्या सुजेत तर औषध रक्तात जाण्यापेक्षा अस्तराला भिडणं महत्त्वाचं. मेसालामाइनच्या गोळीवर खास आवरण असतं ते त्यासाठीच, वाटेत न शोषता ती खालपर्यंत पोचावी म्हणून. फॉरवर्डवाल्याने नेमकी उलटी गोष्ट गुण म्हणून सांगितलीय.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही." भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतला एक दगावला. तिघांच्या गोळ्यांमध्ये मिरीचा अर्क होता. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय मुळीच नकोत.

"गोळ्या किडनी खातात." यात तथ्य आहे, पण चिमूटभर. मेसालामाइनने क्वचित कुणाच्या मूत्रपिंडाला सूज येते, म्हणूनच डॉक्टर अधूनमधून क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करायला सांगतात. ती तपासणी टाळू नका, बस्स.

"अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे बघा!" घेतलं होतं, १९९५ मध्ये, जखम भरण्यासाठी. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं, कारण ही माहिती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, नवीन काही नव्हतं. अभिमान जरूर बाळगा, पण त्या खटल्यात आतड्याचा संबंध नव्हता.

"आमच्या काकांचं रक्त पडायचं थांबलं." थांबलं असेल. हा आजार स्वतःहूनच उसळतो आणि शमतो. वरच्या जपानी प्रयोगात कर्क्युमिन न मिळालेल्या ३९ पैकी ३१ जणही सहा महिने ठीकच होते. त्यांना कुणी हळद-दूध पाजलं असतं तर श्रेय हळदीला गेलं असतं.

राहिला अल्सर. जठरातल्या बऱ्याच अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. त्यावर दोनेक आठवडे अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडची गोळी असा कोर्स असतो. मिसळीला दोष देणारे आपल्याकडे खूप, पण जंतू मिसळीतल्या तर्रीने पैदा होत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे "आतड्याची सूज" हे निदानच नव्हे. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून भरपूर आहे आणि तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. कोलोनोस्कोपीत तुकडा काढून तपासला तरी कधीकधी डॉक्टरांनाही पेच पडतो. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, शौचातून रक्त जातंय, पोटात कळ येऊन झोपमोड होते, यांतलं काहीही असेल तर २१ दिवस दूध पीत थांबू नका. क्षय निघाला तर त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्यासाठी माझ्या दुकानातही यायला नको.