बोवीचे कपडे पुरे झाले, साथीला कोण होतं ते बघा

डेव्हिड बोवी या इंग्लिश रॉक गायकावर कुठेही काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत सरडा येणारच. रंग बदलणारा सरडा, हजार मुखवट्यांचा माणूस वगैरे. मग त्याने घेतलेल्या सोंगांच्या फोटोंची रांग, लाल केसांचा झिगी, तोंडावर वीज रंगवलेला अलाडिन सेन, पांढरा शर्ट आणि काळं वेस्टकोट घातलेला थिन व्हाइट ड्यूक, शेवटी सोनेरी केसांचा १९८३ वाला. वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस आयुष्यभर फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेत उतरत होता. मला या सगळ्याचा जाम कंटाळा आलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, ज्यांना बोवीमध्ये काडीचाही इंटरेस्ट नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

आपल्याकडे मैफलीला जायचं ठरलं की दुसरा प्रश्न काय असतो? साथीला कोण आहे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण. तोच गायक, तोच राग, पण तबलजी बदलला की मैफल बदलते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोवीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि माझं म्हणणं असं की त्याच्या कारकिर्दीचे कालखंड पाडायचे असतील तर ते फक्त साथीदारांवरूनच पाडता येतात. मेकअप नंतर.

सुरुवातीची वर्षं पटकन उरकतो. १९६७ चा पहिला अल्बम हौशी लोकांनी ऐकावा, बाकीच्यांचं काही अडत नाही. १९६९ मध्ये 'स्पेस ऑडिटी' आलं, चांद्रमोहिमेच्या कव्हरेजमध्ये बीबीसीने ते वाजवलं, इंग्लंडमध्ये पाचव्या नंबरापर्यंत गेलं. गंमत म्हणजे टोनी व्हिस्कॉन्टी, जो पुढे जन्मभर बोवीचा प्रोड्यूसर म्हणून ओळखला गेला, त्याने हे गाणं प्रोड्यूस करायला चक्क नकार दिला होता. चंद्रावर माणूस चाललाय त्याचा फायदा घ्यायला केलेला चीपपणा वाटला त्याला. गाणं गस डजनकडे गेलं आणि उरलेला अल्बम व्हिस्कॉन्टीने केला.

आता ग्लॅम, म्हणजे चमचमते कपडे आणि मेकअपवाल्या रॉकचा काळ. इथे मिक रॉन्सन. हल गावचा हा पोरगा नगरपालिकेच्या बागखात्यात कामाला होता, रग्बीच्या मैदानावर रेघा मारत असताना त्याला लंडनला चल म्हणून बोलावणं आलं. लोकांना तो गिटारवाला म्हणून माहितीये, 'मूनेज डेड्रीम'चा सोलो ऐकला तर तेवढंच पुरेसं आहे म्हणा, पण 'लाइफ ऑन मार्स'मध्ये जे व्हायोलिनचे ताफे उठतात ना ते पण रॉन्सनचेच. अमेरिकन गायक ल्यू रीडच्या 'ट्रान्सफॉर्मर' या अल्बमवर बोवीबरोबर सहनिर्माता तोच. १९७१ चा 'हंकी डोरी', १९७२ चा 'झिगी', १९७३ चा 'अलाडिन सेन', या तिन्हींचा कणा रॉन्सन आहे. ६ जुलै १९७२ ला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात 'स्टारमॅन' गाताना बोवीने ज्याच्या गळ्यात हात टाकला आणि आख्ख्या इंग्लंडातल्या आईबापांच्या भुवया वर गेल्या तो पण रॉन्सनच. त्या एका हाताबद्दल आजवर पानंच्या पानं लिहून झालीत, हात ज्याच्या खांद्यावर होता त्याच्याबद्दल चार ओळी.

आणि मग या बँडचं काय झालं बघा. माइक गार्सन नावाचा अमेरिकन जॅझ पियानोवाला टूरसाठी घेतला (अलाडिन सेनच्या टायटल ट्रॅकवरचा तो वेडावाकडा पियानो त्याचाच, अफाट आहे), आणि बोलता बोलता बाकीच्यांना कळलं की याचा पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. कुरबुरी सुरू झाल्या. ३ जुलै १९७३, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. बोवीने स्टेजवरून जाहीर केलं की हा आपला शेवटचा शो. रॉन्सनला आधी कल्पना होती, पण बास वाजवणारा ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमर वुडी वुडमन्सी यांना प्रेक्षकांबरोबरच कळलं, वाद्यं हातात असताना. लोक याला कलेतला धाडसी निर्णय म्हणतात, झिगी हे पात्र मारून टाकलं वगैरे. असेल. पण आपल्याच ड्रमरला हजारो लोकांसमोर असं कळणं याला मराठीत साधा हलकटपणा म्हणतात, आणि झिगीप्रेमी हा भाग नेहमी गाळतात.

रॉन्सन गेल्यावर 'डायमंड डॉग्ज'ला बहुतेक गिटार बोवीने स्वतःच वाजवली. 'रेबेल रेबेल'ची रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) भारी आहे, बाकी अल्बम धुळीने भरलेल्या खोलीसारखा, मला आवडतो पण कुणाला आग्रह करणार नाही.

खरा सांधा बदलतो तो १९७४ मध्ये, गिटारवाला कार्लोस अलोमार आल्यावर. प्वेर्तो रिकोत जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, अपोलो थिएटरच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत 'यंग अमेरिकन्स' हा अल्बम झाला, कोरसमध्ये तेव्हा कुणालाच माहीत नसलेला ल्यूथर व्हॅन्ड्रॉस, आणि नंतर न्यूयॉर्कला जॉन लेननबरोबर 'फेम', बोवीचं अमेरिकेतलं पहिलं नंबर एक. ती 'फेम'ची रिफ अलोमारची आहे. लेननचं नाव सगळ्यांना पाठ आणि रिफ कुणाची ते विचारलं की शांतता.

मग बासवर जॉर्ज मरे आला, ड्रम्सवर डेनिस डेव्हिस होताच, आणि अलोमार-मरे-डेव्हिस हे त्रिकूट जमलं. १९७६ चा 'स्टेशन टू स्टेशन', १९७७ चे 'लो' आणि 'हीरोज', १९७९ चा 'लॉजर', १९८० चा 'स्केअरी मॉन्स्टर्स', पाचही अल्बमला हेच तिघं. एवढ्या काळात बोवी लॉस एंजेलिसमध्ये कोकेनपायी काडीपैलवान झाला, फॅसिझमबद्दल नको ती मुक्ताफळं उधळली (त्याची पुढे त्यालाच लाज वाटली), बर्लिनला पळाला, सावरला, न्यूयॉर्कला गेला. कपडे, शहर, केस, तब्येत सगळं बदललं. ठेका नाही बदलला. तीन काळे-लॅटिनो अमेरिकन वादक खाली पक्कं फंक, म्हणजे नाचायला लावणारा अमेरिकन ठेका, धरून बसलेत आणि वर बोवी, ब्रायन इनो, रॉबर्ट फ्रिप यांनी काय वाट्टेल तो युरोपियन वेडेपणा करावा, अशी ती सगळी रचना आहे. 'बर्लिनचा थंड जर्मन आवाज' असं जे लोक म्हणतात ना त्यांनी 'लो'ची पहिली बाजू नीट ऐकावी, कंबर हलते की नाही सांगा. शिवाय 'लो'चं बरंचसं रेकॉर्डिंग फ्रान्समध्ये एका जुन्या शातोत झालंय आणि 'लॉजर' माँत्रो आणि न्यूयॉर्कला. बर्लिनच्या भिंतीच्या सावलीत झालेला पूर्ण अल्बम एकच, 'हीरोज'.

आणखी एक. 'लो' इनोने प्रोड्यूस केला असं दर दुसरा माणूस ठोकून देतो. नाही. बोवी आणि व्हिस्कॉन्टी. त्या अल्बमवरचा ड्रमचा आवाज ज्यावर पुढची पिढी वेडी झाली तो असा झाला, व्हिस्कॉन्टीने हार्मोनायझर नावाचं तेव्हा नवीन असलेलं यंत्र आणलं होतं, स्नेअर ड्रमचा आवाज त्यातून गेला की त्याची पट्टी खाली घसरत जायची, म्हणजे ठोका पडतो आणि पडता पडता खचतो. पण मुद्दा हा की डेव्हिसच्या हेडफोनमध्ये तो आवाज वाजवताना येत होता, आणि किती जोरात मारलं की किती घसरतं हे ओळखून तो वाजवत गेला. म्हणजे यंत्र पण त्याने वाद्यासारखं वापरलं. 'हीरोज'च्या गाण्याला तर बर्लिनच्या हान्सा स्टुडिओच्या मोठ्या हॉलमध्ये तीन माइक, एक तोंडाजवळ, एक वीसेक फुटांवर, एक पार लांब. लांबचे दोन बोवीने आवाज चढवला तरच उघडायचे. म्हणून शेवटाकडे तो किंचाळायला लागतो तेव्हा आख्खा हॉल ऐकू येतो. आज हे गाणं म्हणजे राष्ट्रगीत झालंय, तेव्हा इंग्लंडात चोविसाव्या नंबरावर अडकलं होतं.

मध्येच एक आपल्या बाजूचं, १९८१ मध्ये माँत्रोला क्वीन या बँडबरोबर 'अंडर प्रेशर' झालं, आणि त्यात बोवीच्या आवाजाला घाम फोडणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला. पाचगणीला जाऊन फक्त स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन परत येणाऱ्यांसाठी ही माहिती.

१९८३. 'लेट्स डान्स'. इथे प्रोड्यूसर नाइल रॉजर्सने आपली माणसं आणली, सोलो गिटारला स्टीव्ही रे व्हॉन, ज्याला बोवीने आदल्या वर्षी माँत्रोच्या जॅझ फेस्टिव्हलमध्ये ऐकलं होतं. जुनं त्रिकूट गायब. टायटल गाणं इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे नंबर एक. हा अल्बम आवडणाऱ्यांना नाकं मुरडणारे फॅन मला आवडत नाहीत, टायटल ट्रॅक वाजला की मी पण नाचतो, व्हॉनची गिटार ऐकून अंगावर काटा येतो. शिवाय त्याच वर्षी एमटीव्हीच्या मुलाखतीत याने समोरच्यालाच विचारलं की तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का दिसतात, आणि समोरच्याची बोबडी वळली. त्याबद्दल सलाम. पण अल्बमवर बोवीने स्वतः एक वाद्य वाजवलेलं नाही, आणि पहिली तीन गाणी संपली की ते जाणवतं. गाणारा पाहुणा आणि घर दुसऱ्याचं.

पुढचे दोन अल्बम, 'टुनाइट' आणि 'नेव्हर लेट मी डाउन', वाईट आहेत. बोवीला पण तसंच वाटायचं. दुसऱ्याची तर २०१८ मध्ये, तो गेल्यानंतर, जुना आवाज तसाच ठेवून साथ नव्याने रेकॉर्ड करून आवृत्ती काढली. साथीदार बदलले आणि तीच गाणी बऱ्यापैकी उभी राहिली. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला तरी सापडलेला नाही.

त्यानंतरच्या टिन मशीन या त्याच्या बँडला शिव्या घालायची फॅशन आहे. मी घालत नाही, कारण तिथे त्याने पुन्हा एकदा खरा बँड केला, इगी पॉप या गायकाच्या 'लस्ट फॉर लाइफ'वर वाजवलेले सेल्स बंधू आणि गिटारला रीव्ज गॅब्रेल्स. गाणी निम्मीच चांगली आहेत, पण त्याशिवाय १९९५ चा 'आउटसाइड' झाला नसता. आणि 'आउटसाइड'वर गार्सन परत पियानोवर बसलेला ऐकला की वीस-बावीस वर्षांपूर्वीचा अलाडिन सेन आठवतोच.

शेवटचा अल्बम 'ब्लॅकस्टार'. ८ जानेवारी २०१६ ला त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला आणि दोन दिवसांनी तो गेला. तेव्हापासून लोक तो अल्बम मृत्युपत्र वाचावं तसा ऐकतात, प्रत्येक ओळीत निरोप शोधतात. ठीक आहे. पण या माणसाने शेवटच्या काळात काय केलं, तर न्यूयॉर्कच्या एका छोट्या बारमध्ये जाऊन डॉनी मकॅस्लिनचा जॅझ बँड ऐकला आणि ओळखीचे रॉकवाले सोडून ही मंडळी उचलली. मार्क गिलियानाचे ड्रम ऐका एकदा, फक्त ड्रम, शब्दांकडे लक्षच देऊ नका. डेव्हिसनंतर पहिल्यांदा बोवीच्या मागे असा कुणीतरी बसलाय ज्याच्या पुढच्या ठोक्यावर काय होणार हे बोवीलाही माहीत नाही.

तर माझा क्रम, १९७६ ते ८० पहिला, मग 'ब्लॅकस्टार', मग रॉन्सनचा काळ. हो, झिगी तिसरा, झिगीवाल्यांनी शिव्या द्या. आणि नवीन कुणाला सुरुवात करायची असेल तर 'स्टेशन टू स्टेशन'चा टायटल ट्रॅक लावा, दहा मिनिटांचा आहे, पहिली तीन मिनिटं बोवी तोंडच उघडत नाही. तेवढ्यात बंद करावंसं वाटलं तर 'लॉजर'च्या वाटेला अजिबात जाऊ नका, तिथे एका गाण्यात अलोमारला ड्रम्सवर बसवलंय आणि डेव्हिसच्या हातात बास दिलाय.